पश्चिमेची गॅलरी, ओली भिंत आणि १५ हजार रुपये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात पाचव्या मजल्यावर भाड्याचे घर आहे. हॉलला लागून पश्चिमेकडे १० फूट लांब आणि ४ फूट रुंद गॅलरी आहे. हॉलच्या त्याच बाजूच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात. घरात सासूबाई आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. हाताशी १५ हजार रुपये आहेत. घर जरा घरासारखे दिसावे आणि स्वयंपाकाला उपयोगी पडेल इतकी हिरवाई असावी, यासाठी सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी गेली २२ वर्षे ठाणे-मुंबई परिसरातील गच्च्या, गॅलऱ्या आणि खिडक्यांच्या जाळ्या यांत बागा लावून देण्याचे आणि त्याबरोबर घरातली बारीकसारीक डागडुजी करून देण्याचे काम करते. त्या अनुभवातून सांगते की आपण अजून काहीही विकत आणू नये. भिंत आणि गॅलरी या दोन वेगळ्या अडचणी म्हणून आपण लिहिल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे आपल्या घराची पश्चिम बाजू.

कोकणपट्टीत पावसाचे वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, त्यामुळे इमारतीच्या त्या बाजूला पाऊस सरळ खाली न पडता भिंतीवर झोडपला जातो. जुन्या कोकणी घरांत पावसाळा सुरू होण्याआधी पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांची झापे बांधत असत, ती या झडीसाठीच. पाचव्या मजल्याला झाप बांधणारे कोणी नाही. बाहेरच्या गिलाव्यात केसाएवढी भेग असली किंवा खिडकीची चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातले भरण निघालेले असले, तरी चार महिने पाणी आत शिरत राहते. उरलेल्या आठ महिन्यांत याच बाजूने दुपारी एक-दीडनंतरचे ऊन येते आणि मार्च ते मे या काळात ते कुंडीतली माती आणि भिंत दोन्ही तापवून सोडते. म्हणून या घरातले प्रत्येक काम, मग ते रंगाचे असो, पडद्याचे असो की रोपाचे, पश्चिमेकडून काय येते याचा विचार करून ठरवावे लागेल.

आता सप्टेंबर चालू आहे. भिंतीचे काम आज करायचे नाही, पण तिची तपासणी आजच करायची आहे, कारण कोरड्या भिंतीवर दोष दिसत नाही. ओल जिथे सर्वांत जास्त दिसते तिथे फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद बसवावा आणि दोन दिवसांनी काढून पाहावा. भिंतीला चिकटलेल्या बाजूवर पाण्याचे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूवर असतील तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर बसत आहे आणि तिथे वारा खेळता ठेवणे हाच बराचसा उपाय आहे. पाणी भिंतीतूनच येत असेल तर डागाचा वरचा काठ पाहावा. डाग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका खाली उतरत असेल तर दोष चौकटीच्या सांध्यात असण्याची शक्यता मोठी. तो जमिनीलगत असून वर चढत असेल तर गॅलरीत पाणी साचत असावे. गॅलरीत बादलीभर पाणी ओतून ते बाहेर जाण्याच्या भोकाकडे वाहते की हॉलच्या उंबऱ्याकडे, हेही एकदा पाहून घ्यावे. मी पाहिलेल्या निम्म्या गॅलऱ्यांत ते भोक कुंडीखाली दडलेले किंवा मातीने बुजलेले असते.

बाहेरच्या भेगा बुजवणे हे घरमालकाचे आणि सोसायटीचे काम आहे. भाडेकरूने आपल्या पैशाने, इमारतीबाहेर दोरांनी सोडलेल्या पाळण्यावर माणूस चढवू नये. मात्र तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढून मालकांना लेखी कळवावे. घर सोडताना अनामत रकमेतून ‘भिंत खराब केली’ म्हणून पैसे कापले जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो. चौकटीच्या आतल्या सांध्यात सिलिकॉन भरण्याचे काम मात्र आपण स्वतः अर्ध्या तासात करू शकता, आणि ते सांधा पूर्ण कोरडा झाल्यावरच करावे.

रंगकामाची घाई केल्यास काय होते ते मी माझ्याच घरी अनुभवले आहे. गणपतीला पाहुणे येणार म्हणून मी एका वर्षी ऑगस्टमध्ये हॉलची ओली भिंत घासून, तिच्यावर लांबी (पुट्टी) भरून, दोन हात रंग दिला. पंधरा दिवस ती भिंत आरशासारखी दिसत होती. दसऱ्यापर्यंत तिच्यावर फुगे आले आणि दिवाळीत पोपडे सोफ्यावर पडू लागले. आत अडकलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधते आणि प्लॅस्टिक रंगाचा थर ती वाट अडवतो, म्हणून रंगच उचलला जातो. भिंतीवर जी पांढरी, बोटाला लागणारी खारट भुकटी दिसते तो लोणा. तो ओल्या फडक्याने पुसू नये, कारण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात. तो काथ्याच्या कोरड्या ब्रशने झाडून, खाली धरलेल्या वर्तमानपत्रावर गोळा करून टाकून द्यावा.

पाऊस परतल्यानंतर सुटलेले पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावेत आणि भिंत उघडी ठेवून द्यावी. दिवाळीच्या दिवसांत ती थोडी बोडकी दिसेल, ते सहन करावे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात प्लॅस्टिकची तीच चाचणी पुन्हा करून तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला की खड्ड्यांपुरती सिमेंटची लांबी, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणी, एक हात प्रायमर आणि दोन हात रंग, हा क्रम ठेवावा. १० फूट रुंद आणि ९ फूट उंच भिंतीला दोन हातांसाठी दोन लिटर रंग पुरतो. चुन्याचा हात भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणून ओलीच्या भिंतीला तो खरोखर उत्तम. परंतु आधीचा प्लॅस्टिक रंग पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, आणि भाड्याच्या घरात एवढा खटाटोप कोणी करावा असे मला वाटत नाही. रंगाची छटा निवडताना दुकानातल्या पत्रिकेवर विश्वास ठेवू नये. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी केशरी उजेड भरतो, त्यात पिवळा किंवा आंब्याच्या रंगाचा हात दिलेली भिंत अंगावर येते. फिकट राखाडी, ताकासारखा पांढरा किंवा अगदी हलका हिरवा रंग तिथे शांत दिसतो. छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर रंग लावावा आणि तो पुठ्ठा संध्याकाळी पाच वाजता भिंतीला टेकवून पाहावा.

तोपर्यंत त्या भिंतीपासून कपाट आणि सोफा चार बोटे पुढे ओढून ठेवावेत, आणि तिथे कागदी चित्र किंवा छायाचित्र टांगू नये, कारण मागून बुरशी धरते.

आता गॅलरी. इथे पहिला विचार रोपांचा नसून मुलाचा आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी कठड्यालगतची प्रत्येक कुंडी म्हणजे चढायची पायरी असते, आणि कुंड्यांची लोखंडी मांडणी म्हणजे तर शिडीच. म्हणून कठड्याला लागून एकही कुंडी, स्टूल किंवा मांडणी ठेवू नये, आणि कठड्यावर तर काहीच ठेवू नये, कारण पाचव्या मजल्यावरून पडलेली चार किलोची कुंडीही खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते. सर्व कुंड्या घराच्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात. वजनाच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. गॅलरीचा स्लॅब बहुधा भिंतीतून बाहेर काढलेला असतो आणि त्याच्या टोकावर ठेवलेला भार भिंतीजवळच्या भारापेक्षा त्याला कितीतरी जड जातो. १२ इंची कुंडी बागेच्या साध्या मातीने भरून पाणी घातले की तिचे वजन सहज २५ किलोच्या वर जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलो झाले, आणि त्यांच्यावर आपण चौघे संध्याकाळी चहाला बसणार.

आत सरकवल्यावर रोपांना ऊन मिळेल का, ही शंका रास्त आहे, आणि इथे पश्चिम बाजू आपल्याला साथ देते. दक्षिणेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे ऊन आत शिरतच नाही. पश्चिमेकडे मात्र दुपारनंतर सूर्य खाली उतरत जातो तसे ऊन आत आत येते आणि चार फूट रुंदीच्या गॅलरीत ते मागच्या भिंतीपर्यंत सहज पोहोचते. फक्त त्याची दिशा वर्षभर सरकत असते. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे हिवाळ्यात गॅलरीचा उत्तरेकडचा कोपरा आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडचा कोपरा अधिक उजळतो. समोरच्या इमारतीमुळे हे गणित बदलते, म्हणून एका रविवारी दुपारी दोन, चार आणि साडेपाच वाजता फरशीवरच्या उन्हाची कड खडूने आखून घ्यावी. बाग लावणाऱ्याला एवढा नकाशा पुरतो. कुंड्या भिंतीला चिकटवू मात्र नयेत. वीतभर अंतर सोडून, खाली दोन विटा किंवा तिवई देऊन ठेवाव्यात, म्हणजे आधीच ओल धरणाऱ्या भिंतीवर पाणी उडणार नाही आणि खाली झाडू फिरेल.

वजन कमी करण्यासाठी माती बदलावी. एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून फुगवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात प्रत्येक कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड, असे मिश्रण साध्या मातीच्या निम्म्याहून थोडे अधिक वजनाचे होते. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवल्यावर ६० लिटरहून अधिक फुगते, हे लक्षात न घेता लोक तीन-तीन विटा आणतात आणि मग बादल्या पुरत नाहीत. काळी माती कुंडीत घालू नये; ती पाणी धरून बसते आणि सुकली की आक्रसून कडेने फट सोडते, मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यावा, असे आपल्याला बऱ्याच नर्सऱ्यांत सांगतील. मीही पहिली काही वर्षे तेच करत असे. पण बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीतच थांबते, आणि मुळांची जागा मात्र तीन बोटे कमी होते. भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा उपडा ठेवला की माती वाहून जात नाही, आणि तेवढे पुरे असते.

शहरात मातीशिवाय किंवा अगदी थोड्या मातीत भाजी पिकवता येते, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराला जाते. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून सुपीक माती घडवावी, ती विकत आणू नये, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे दिवसाला भाजीची देठे, साली, चहाचा चोथा असा ओला कचरा निघत असणारच. २० लिटरच्या झाकणाच्या दोन बादल्या घ्याव्यात, बुडाला आणि बाजूंना तापवलेल्या खिळ्याने भोके पाडावीत आणि बादली विटांवर, एका ताटात ठेवावी. तळाशी चार बोटे कोरडा पाचोळा किंवा कोकोपीट, त्यावर दिवसाचा कचरा बारीक चिरून, त्यावर कचऱ्याइतकाच किंवा थोडा अधिक कोरडा थर, आणि सुरुवातीला विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक. शिजलेले तेलकट अन्न, मासळी आणि मटणाची हाडे त्यात नकोत. वास आला तर बादली फार ओली झाली आहे असे समजून कोरडा पाचोळा मिसळून हलवावे. अळ्या दिसल्यास घाबरू नये, त्या कचराच खातात. पण सासूबाईंना त्या दिसल्या तर बादली दुसऱ्या दिवशी घराबाहेर जाईल, म्हणून वरचा थर नेहमी कोरडाच ठेवावा. पहिली बादली भरली की ती मिटून ठेवून दुसरी सुरू करावी; दीड-दोन महिन्यांत पहिलीतले खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते. पावसाळ्यात यास अधिक वेळ लागतो.

रोपांची निवड करताना दुपारचे तापते ऊन सोसणारी आणि घरात वापरली जाणारी, अशा दोन्ही कसोट्या लावाव्यात. कढीपत्त्याला सगळ्यांत मोठी, १४ इंची कुंडी द्यावी आणि त्याचा शेंडा वेळोवेळी खुडावा, म्हणजे तो उंच न जाता डवरतो. गवती चहा एकदा लावला की वर्षानुवर्षे पुरतो. त्याची पाने धारदार असतात, म्हणून तो मुलाच्या हाताला लागणार नाही असा कडेला ठेवावा. पानओव्याची फांदी तोडून मातीत खोचली तरी लागते, आणि खोकल्याला, भज्यांना कामी येते. पुदिना बाजारातल्या जुडीतल्या निबर काड्या पाण्यात आठवडाभर ठेवून मुळे फुटल्यावर लावावा. मात्र त्याला थेट पश्चिमेचे ऊन नको, कढीपत्त्याच्या सावलीत तो खूश असतो. मिरचीची दोन रोपे चौघांच्या कुटुंबाला फोडणीपुरती पुरतात. पालेभाज्यांसाठी फळांचा प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन आत जुने गोणपाट अंथरावे आणि सहा इंच मिश्रण भरावे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मेथी आणि पालक पेरण्यास उत्तम काळ आहे. मेथी २५ ते ३० दिवसांत खुडायला येते. कोथिंबिरीचे धने चपलेखाली रगडून दोन फाकी करावेत, कारण एका धन्यात दोन बिया असतात. मेथीचा पहिला क्रेट मुलाकडून पेरून घ्यावा. तीन दिवसांत कोंब दिसतात, आणि तेवढाच धीर त्या वयात असतो.

तुळशीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण लोक माझ्याकडे सर्वांत अधिक तक्रारी तुळस वाळल्याच्या घेऊन येतात. तिला चार-पाच तास ऊन लागते, ते आपल्याकडे आहे. ती मरते ती बहुतेक वेळा भक्तीच्या पाण्याने. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले जाते, पावसाळ्यातही, आणि मुळे कुजतात. मग पाने पिवळी पडलेली पाहून ‘तहानली असेल’ म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो. सासूबाईंना पाणी घालू नका असे सांगणे योग्य नाही आणि त्या ऐकणारही नाहीत. माझ्या अनेक घरांत चाललेला तोडगा असा की तुळशीजवळ पळी-पंचपात्र ठेवावे आणि रोज पूजेचे पळीभर पाणी वाहावे. खरे पाणी मात्र बोट पेराएवढे मातीत खुपसून ती कोरडी लागली तरच, संध्याकाळी ऊन उतरल्यावर घालावे. मंजिऱ्या आल्या की खुडाव्यात, नाहीतर रोप बी धरण्यात शक्ती घालवून म्हातारे होते. दोन-चार मंजिऱ्या पूर्ण वाळू देऊन त्यांचे बी जपावे, म्हणजे पुढच्या वर्षी रोप विकत घ्यावे लागणार नाही. एक कुंडी गेरूने रंगवून त्यावर तांदळाच्या पिठात डिंक घालून स्वस्तिक किंवा गोपद्म काढले की वृंदावनाची हौसही भागते. मातीच्या कुंडीला ऑइल पेंट लावू नये. मातीचे अंग पाणी बाहेर सोडून मुळे थंड ठेवते आणि तेलरंग ते काम बंद पाडतो. गेरू पावसात धुऊन जातो, पण नवा हात द्यायला दहा मिनिटे लागतात आणि तुळशीच्या लग्नाआधी तो द्यायचाच असतो.

लहान मूल आहे तोवर कण्हेर, मग ती लाल असो की पिवळी, घरात आणूच नये. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. डायफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचे शोभेचे झाड) आणि मनी प्लांट चावल्यास तोंडाची आणि जिभेची तीव्र जळजळ होते, म्हणून मनी प्लांट ठेवायचाच असेल तर फ्रीजच्या वर किंवा उंच फडताळावर ठेवावा. सजावटीची मासिके हॉलच्या कोपऱ्यात उंच पाम दाखवतात. आपल्या हॉलमध्ये त्याऐवजी एक स्नेक प्लांट पुरेसा आहे. तो कमी उजेडात, कमी पाण्यात राहतो. पण तोही मुलाच्या तोंडात जाणार नाही अशा उंचीवर ठेवावा. त्याने घरातली हवा शुद्ध होते या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. एका कुंडीचा परिणाम खिडकी पाच मिनिटे उघडण्यापेक्षाही कमी असतो.

उन्हाळ्यासाठी हिरवा पडदा करता येतो. गॅलरीच्या दोन्ही टोकांना, बाजूच्या भिंतींलगत, खालून वर सुतळ्या ताणून गोकर्णाचा वेल चढवावा. बी रात्रभर भिजवून पेरले की वेल लवकर वाढतो, निळी फुले पूजेला होतात आणि हॉलवर येणारे तिरपे ऊन बरेच अडते. शेंगा धरू लागल्या की काढून टाकाव्यात. बिया मुलाच्या पोटात जायला नकोत. एप्रिलमध्ये काही जण वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारण्याचा सल्ला देतील. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उपाय जादूसारखा चालतो. ठाण्याच्या दमट हवेत पाणी उडून जाण्यास वाव नसतो, म्हणून खोली गार न होता अधिक चिकट होते, आणि आपल्या भिंतीला तर ती ओल मुळीच नको. बांबूच्या काड्यांची कोरडी चिक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, मात्र जरूर लावावी.

पाणी घालताना खालच्या मजल्याचे कपडे आणि त्यांचा स्वभाव लक्षात ठेवावा. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी, आणि त्यातले साचलेले पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ताटली घासायला हवी. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, म्हणून सात दिवसांचा हा नियम कधी मोडू नये. मिरची आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा आल्यास एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि चार-पाच थेंब भांडी घासण्याचा द्रवसाबण मिसळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

हॉलच्या सजावटीचा बराच भाग घरातल्या कपाटातच असतो. एका जुन्या, साडेपाच मीटरच्या सुती साडीचे गॅलरीच्या दारासाठी दोन पडदे होतात. साडेसात फुटांचे दोन तुकडे कापले की १५ फूट जातात, उरलेल्या तीन फुटांत दोन उशांचे अभ्रे निघतात, आणि साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही कडांना आपोआप उभे येतात. आतून मांजरपाटाचे अस्तर लावावे, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात रंग एका वर्षात उडतो. रेशमी साडी या कामी वापरू नये. ऊन रेशमाला कुजवते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा उरलेला तुकडा पुठ्ठ्यावर ताणून फ्रेममध्ये बसवला तर तो छापील चित्रापेक्षा कितीतरी उजवा दिसतो. तो ओलीच्या भिंतीवर न टांगता समोरच्या भिंतीवर, आधीच असलेल्या खिळ्याला टांगावा. दिव्यांबाबत इतकेच, की छतावरच्या एका पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी संध्याकाळी पिवळसर उजेडाचा एक दिवा कोपऱ्यात, डोळ्यांच्या पातळीच्या खाली लावावा.

पैशांची वाटणी माझ्या अंदाजाने अशी असावी: भिंतीसाठी साडेचार हजार, कुंड्या, मिश्रण आणि रोपे यांसाठी चार हजार, बादल्या, क्रेट, तिवया आणि सुतळी यांसाठी दीड हजार, चिकेसाठी दोन हजार, शिलाई आणि फ्रेमसाठी एक हजार. उरलेले दोन हजार पुढच्या जूनपर्यंत राखून ठेवावेत, कारण पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर त्या भिंतीचे खरे काय ते कळेल. दसऱ्याच्या तोरणासाठी घरचा झेंडू यंदा शक्य नाही, त्याचे बी जुलैच्या सुरुवातीला पेरायला हवे होते. पुढच्या वर्षी पेरावे आणि रोप महिन्याचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या आणि फुले दोन्ही वाढतात.

घर भाड्याचे असल्याने एक गोष्ट आताच ठरवून ठेवावी. कढीपत्ता सोडून बाकी कोणतीही कुंडी एका माणसाला उचलता येणार नाही इतकी मोठी घेऊ नये, आणि कढीपत्त्याच्या कुंडीखाली चाकांची पाटी ठेवावी. घर बदलायचे ठरले की निघण्याआधी दोन दिवस पाणी बंद करावे; माती हलकी होते आणि टेम्पोत चिखल होत नाही. वेलाच्या सुतळ्या कापून कंपोस्टच्या बादलीत टाकाव्यात. तुळशीची कुंडी टेम्पोत घालू नये. सासूबाई ती स्वतःच्या मांडीवर घेऊन रिक्षातून नेतील, असा माझा आजवरचा अनुभव आहे.